दुसरा पंखा फिरेपर्यंत

बाबांच्या कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा मी अकरावीत होते. विक्रोळीत मोठमोठे कारखाने होते, पण बाबांचा त्यातला नव्हता. तो मोठ्यांना नटबोल्ट पुरवणारा, पत्र्याच्या छपराचा, तीस-चाळीस माणसांचा. एका सोमवारी बाबा डबा घेऊन गेले आणि तासाभरात डबा घेऊन परत आले. मला म्हणाले, "चल गो, कागद वाचूक चल." फाटकावर इंग्रजी कागद डकवला होता. तिथे उभ्या असलेल्या चाळीस माणसांत तो कुणालाच वाचता येत नव्हता. मी वाचला. पुढील सूचना मिळेपर्यंत काम बंद, एवढंच त्यात होतं.

"फुडची सूचना कधी?" बाबांनी मला विचारलं. जणू ती मीच लिहिणार होते.

पुढची सूचना कधी आलीच नाही.

मग आईने खाणावळ काढली. काढली म्हणजे दाराला पाटी वगैरे काही लावली नाही. गावाकडून आलेले, बायकापोरं मागे ठेवून इथे एकटे राहणारे नऊ पुरुष आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन पंगतींत जेवायचे. ते जेवून उठले की उरेल ते आमचं. ती माणसं वाईट नव्हती, कष्टाची होती, आणि कष्टाच्या माणसाला भूक लागतेच. आईला 'पुरे' म्हणता यायचं नाही. कुणाचं ताट रिकामं दिसलं की हात टोपात जायचाच. माशाच्या दिवशी आमच्या वाट्याला वास यायचा. बाबा म्हणायचे, "माका भूक नाय," आणि तांब्याभर पाणी पिऊन पडायचे. सहा वर्षं त्यांना भूक नव्हती. या सहा वर्षांत त्यांच्या गळ्याखालची हाडं वर आली आणि उजवा हात थरथरायला लागला. त्या हाताला मग कुठेच काम मिळालं नाही.

मी घाटकोपरच्या कॉलेजातून बीएस्सी झाले. आमच्या चाळीत पहिली, आमच्या घराण्यात पहिली, आणि आईच्या माहेरच्या गावात विचाराल तर तिथेही पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे अजून सांगते. पदवीचा कागद आला त्या दिवशी बाबांनी तो नऊही जणांना दाखवला. प्रत्येकाने आधी हात धुऊन कोरडे केले आणि मगच तो धरला.

पण कागदाने चूल पेटत नाही. वर्षभर मी बँकांच्या परीक्षा दिल्या, प्रतीक्षायाद्यांत लटकले. मग वर्तमानपत्रात चार ओळींची जाहिरात दिसली. विमानाने संकटग्रस्त भागात मदत नेणाऱ्या संस्थेला विज्ञान पदवीधर हवेत, शिक्षण आम्ही देऊ, वाकोल्यात येऊन भेटा. मुली नकोत असं लिहिलं नव्हतं. हव्यात असंही नव्हतं. मी गेले.

वर्ग एका बेकरीच्या माडीवर होता. खाली पाव भाजायचे आणि वर आम्ही सहा जण रिकाम्या पोटी पृथ्वीचा गोल शिकायचो. शिकवणारे सर हवाई दलातून निवृत्त झालेले, मुलुंडला राहणारे, दम्याचे. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून ते ज्याला त्याला गावाने हाक मारायचे. मी 'विक्रोळी'. माझ्या शेजारी बसायचा तो 'वाकोला'. तो तिथल्याच जुन्या गावठाणातल्या ख्रिस्ती घरातला होता, घरी आजोबांपासून मराठी आणि तोंडाला कधी लगाम नाही.

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "डिस्पॅचर म्हणजे कोण रे?"

"विमानाला टाटा करणारा," वाकोला म्हणाला.

"टाटा नाही, शहाण्या. विमान सोडणारा. आणि न सोडणारा."

मग त्यांनी समजावलं. विमान किती वजन उचलू शकेल, ते पुढे किती आणि मागे किती ठेवायचं, इंधन किती लागेल, वाटेत हवा कशी आहे, उतरायला जमलं नाही तर दुसरीकडे कुठे वळायचं, हे सगळं जमिनीवर बसून कागदावर मांडणारा माणूस म्हणजे डिस्पॅचर. त्या कागदावर कॅप्टनची सही असते आणि शेजारी याची. कॅप्टन चुकला तर कॅप्टन मरतो. हा चुकला तरी कॅप्टनच मरतो. म्हणून याच्या सहीला जास्त किंमत, असं सर म्हणायचे.

गणित मला जड नव्हतं. वाऱ्याची दिशा, वेग, वजनाचा तोल, मी भराभरा सोडवायचे आणि इतरांच्या वह्यांत डोकावून त्यांच्या चुका दाखवायचे. वाकोला म्हणायचा, "यार, ही पोरगी ना, चित्रगुप्ताच्या पण वहीत चूक काढेल." मला ते आवडायचं.

जड गेला तो फोन. सरांच्या टेबलावर एक जुना, वायर तुटलेला टेलिफोन होता. सर खुर्ची वळवून पाठमोरे बसायचे, तोंडाने ट्रिंग ट्रिंग करायचे, आणि आपण रिसीव्हर उचलायचा. पलीकडून सर कुणीही व्हायचे. कधी तहसीलदार, कधी दवाखान्यातला डॉक्टर, कधी पुरात अडकलेल्या गावाचा सरपंच. आणि मागायचे. अजून दोन पोती घ्या हो. औषधाची एकच पेटी. एक बाळंतीण आहे, तिला परतीच्या विमानात घ्या, तिचं असं वजन ते काय असणार. आपण कागद बघायचा आणि जागा नसेल तर 'नाही' म्हणायचं. बस, एवढंच.

मला ते जमायचं नाही. मी म्हणायचे, "बघते, काही करता आलं तर."

सर वळून बघायचे. "काय बघतेस? कागदावर जागा आहे?"

"नाही सर."

"मग काय बघतेस?"

वाकोला पहिल्याच दिवशी फोनवर म्हणाला होता, "नाय होनार सायेब, देवाला फोन लावा." सगळे हसले. सरही हसले, पण त्याला पूर्ण मार्क दिले. मी घरी जाऊन टोपातला शेवटचा भात नवव्या माणसाच्या ताटात जाताना बघायचे आणि मनात म्हणायचे, 'नाही' म्हणायला शिकायचं तर या घरातून उठून दुसरीकडे राहायला जावं लागेल.

तीन महिन्यांनी, कुढत कुढत, ते जमलं. निदान मला तसं वाटलं.

वर्गाला फी नव्हती आणि पगारही नव्हता. शेवटचा टप्पा होता तीन उड्डाणांचा. मदतीचं खरं विमान, खरा माल, आणि सरांच्या देखरेखीखाली आपण कागद करायचा. एकामागून एक तीन निर्दोष झाली की सर शिफारसपत्रावर सही करत. ते पत्र असलं की संस्था कामावर घेई आणि सरकारी परीक्षेलाही बसता येई. मधलं एक चुकलं तर मागची पुसली, पुन्हा पहिल्यापासून.

त्या पावसाळ्यात काठियावाडकडे पाणी भरलं. आमचं दोन पंख्यांचं जुनं विमान दिवसाआड जाऊ लागलं. माझी पहिली दोन उड्डाणं निर्दोष झाली. एकच राहिलं.

घरी तेव्हा पार वाट लागली होती. नऊपैकी पाच जण एका मुकादमाबरोबर दुसरीकडे कामाला गेले होते. चार माणसांवर खाणावळ चालत नाही. चाळीतल्या एका काकूंचा भाऊ मुलुंडच्या औषधांच्या कारखान्यात सुपरवायझर होता. त्याने पॅकिंगमध्ये माझ्यासाठी जागा अडवून ठेवली होती, गणपतीपर्यंत. गणपतीनंतर ती दुसऱ्या मुलीला जाणार होती.

आई म्हणाली, "तुझा ता विमान-बिमान रवांदे. हयसर पगार गावतलो."

मी म्हटलं, "आई, एकच उड्डाण राहिलंय. ते झालं की डिस्पॅचर. पॅकिंगला बसायला बीएस्सी झाले का मी?"

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिथूनच आईला म्हणाले, "रव गो, येकच तर ऱ्हवलाहा. होतला तेचा."

गणपतीला आठ दिवस होते.

त्या दिवशी मी सकाळी विमानतळाच्या जुन्या मालधक्क्यावर पोचले. उपाशीच होते, पण त्याचं तेव्हा काही वाटत नसे. माल घाटकोपरच्या व्यापाऱ्यांच्या एका मंडळाकडून येणार होता. शिध्याची पोती, तांदूळ, डाळ, गूळ, मीठ एकत्र बांधलेली, एका कुटुंबाला एक. आमच्या संस्थेने त्यांना वीस किलोचं पोतं करायला सांगितलं होतं. यादी आली, शिक्क्यासकट. एकशे पंचवीस पोती, दर पोतं वीस किलो.

तिकडची धावपट्टी आखूड होती आणि पावसाने निसरडी. तेवढ्या लांबीत थांबायचं तर माल अडीच हजार किलोच्या वर नको, असं माझं गणित आलं. एकशे पंचवीस गुणिले वीस बरोबर अडीच हजार. काटेकोर. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! एक किलो जागा मी वाया घालवली नव्हती. सर नेहमी थोडी मोकळी ठेवायला सांगायचे. मी मनात म्हटलं, उपाशी माणसांचा माल आहे, मोकळी जागा कशाला न्यायची?

छपराखाली वजनकाटा होता. नियमाप्रमाणे दर दहातलं एक पोतं काट्यावर घालायचं. पण काट्यापाशी आधीच एका दुसऱ्या विमानाचा माल अडकला होता, आणि तिकडे दुपारनंतर ढग उतरणार अशी खबर होती. मी विचार केला, व्यापारी माणूस वजनात चुकला तर स्वतःच्या बाजूनेच चुकेल. वीसचं साडेएकोणीस भरेल. विमानाला बरंच ते. हा विचार मला फार हुशारीचा वाटला होता, हेही सांगून टाकते.

पोती चढली. धक्क्यावरच्या मुकादमाच्या माणसांनी ती माझ्या आकृतीप्रमाणे पुढेमागे लावली. मुकादम एवढंच म्हणाला, "आज माल जरा जड लागतोय, ताई."

"भिजलाय का?"

"नाय, सुका आहे."

"मग लागू दे," मी म्हटलं.

कॅप्टनने सही केली, मी केली. सर लांब, छपराच्या कडेला स्टुलावर बसून बघत होते. ते अशा वेळी काही बोलत नसत.

मंडळाच्या एक वयस्क बाई पोत्यांबरोबर टेम्पोतून आल्या होत्या. त्यांनी विमानाला ओवाळायचा हट्ट धरला. त्यांना धक्क्याच्या कडेलाच नारळ फोडायला लावला. त्यांनी सगळ्यांना खोबरं वाटलं आणि माझ्या हातावर तुकडा ठेवत कौतुकाने म्हणाल्या, "तुम लोगों ने तो बीस-बीस किलो बोला था, बेन. पन दान में पूरा बीस कैसे देगा? एक ऊपर देना पडता है ना. हर बोरी में एकवीस डाला है. शुकन का."

खोबरं माझ्या तोंडात होतं.

यात नवल ते काय? आमच्याकडे नाही का, लग्नात आहेर एक्कावन्न, देवाला एकशे एक, ब्राह्मणाला शिधा दिला की वर एक मूठ. पुरा आकडा देऊन हात झटकत नाहीत, पुढे चालू राहावं म्हणून वर एक ठेवतात. मी जन्मभर हे पाहिलं होतं. काट्याला फसवणारा व्यापारी मला सुचला, पण देणारा माणूस वर एक ठेवतोच, हे काही मला सुचलं नाही. एकशे पंचवीस पोती, एकशे पंचवीस किलो जास्त.

आणि मी गप्प राहिले.

हे लिहायला मला बरीच वर्षं लागली. मी गप्प राहिले. कॅप्टन आत बसला होता. माझं डोकं, ज्याचा मला एवढा अभिमान, ते भराभरा चालत होतं, पण उलट्या दिशेने. एकशे पंचवीस म्हणजे दोन माणसंच की. पट्टीची लांबी मोजणाऱ्यांनीही थोडी सूट ठेवलेली असेल. कॅप्टन जुना आहे. आत्ता बोलले तर सही केलेला कागद फाडावा लागेल, फाडलेला कागद म्हणजे चुकलेलं उड्डाण, आणि चुकलेलं उड्डाण म्हणजे मुलुंडचं पॅकिंग. काय होणार आहे? काही होणार नाही.

डावा पंखा फिरला. धूर निघाला, मग आवाज एकसारखा झाला. मी उभीच.

बाई हात जोडून उभ्या होत्या. वाकोला माझ्या बाजूला होता. त्याचं तिसरं उड्डाण आदल्याच आठवड्यात झालं होतं आणि तो पेढे घेऊन मला चिडवायला आला होता. "ए चित्रगुप्ता," तो कानाशी ओरडला, "तुझा चेहरा असा का झालाय?"

उजवा पंखा फिरायला लागला तेव्हा मी धावले. डोक्यावर दोन्ही हातांची 'थांबा'ची फुली धरून, थेट विमानाच्या नाकाच्या दिशेने. मुकादमाने मागून माझी ओढणी धरून ओढली. "अगं ए, पंख्यात जाशील! मरायचंय काय?" तोवर कॅप्टनने मला पाहिलं होतं. आधी एक पंखा थांबला, मग दुसरा. मग इतकं शांत झालं की बाईंच्या बांगड्या ऐकू आल्या.

सहा पोती उतरवायची होती. एकशे एकोणीस गुणिले एकवीस, दोन हजार चारशे नव्व्याण्णव. पण नुसती उतरवून चालत नाही. मागची काढली की तोल पुढे जातो, पुन्हा सगळं मांडावं लागतं. बाई रडायला लागल्या. "हमारा दान वापस?" सहा पोती त्यांच्या पायाशी ठेवली होती आणि त्या ती पुन्हा आत ढकलायला बघत होत्या. मी त्यांना 'नाही' म्हटलं. फोनवर शिकवल्यासारखं, एकदाच. नवा कागद व्हायला पाऊण तास गेला. तोवर तिकडचे ढग खाली आले. कॅप्टन खाली उतरला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या," आणि निघून गेला.

एकशे एकोणीस कुटुंबांचा शिधा रात्रभर मालधक्क्यावर पडून राहिला. तिकडे ती माणसं छपरांवर बसून आकाशाकडे कान लावून असणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सरांनी मला छपराखाली बोलावलं. ते नुसते धापा टाकत होते, चिडलेले दिसत नव्हते.

"कधी कळलं तुला?"

"नारळ वाटला तेव्हा, सर."

"तेव्हा किती पंखे फिरत होते?"

"एकही नाही."

"आणि तू धावलीस तेव्हा?"

"दोन."

त्यांनी माझ्या नावासमोरच्या दोन खुणा पेन्सिलीने खोडल्या. आधीची दोन निर्दोष उड्डाणं पुसली गेली. मी त्यांच्यासमोर हात जोडले. कुणापुढे हात जोडायचे नाहीत, हा माझा पदवीनंतरचा नियम होता. तो मी त्या दिवशी मोडला. सर, काटा मोकळा नव्हता. सर, मी शेवटी थांबवलं ना? सर, घरी वडील आजारी आहेत, गणपतीपर्यंतच मुदत आहे, चारच माणसं उरलीत जेवायला, या पत्रावर आमचं घर उभं राहणार आहे. मी सगळं सांगितलं. खाणावळीबद्दल मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "विक्रोळी, तू बोललीस ते सगळं खरं आहे. पण फोनवर तहसीलदार बोलतो ना, तेही सगळं खरंच असतं."

मी जोडलेले हात खाली घेतले.

"काट्यावर घातलं नाहीस, ती चूक. ती मी तुला एक उड्डाण देऊन भरून घेतली असती. चूक सगळे करतात. पण तुला कळल्यावरही तू न बोलता थांबलीस. कशासाठी थांबलीस ते मला माहीत आहे. उद्या दुसऱ्या कशासाठी थांबशील. ते मी सही करून पाठवू शकत नाही."

घरी पोचले तेव्हा चौघे जेवत होते. ते उठेपर्यंत मी बाहेर नळापाशी उभी राहिले. मग आत जाऊन सांगितलं. बाबा उठून बसले. त्यांनी एवढंच विचारलं, "विमान पडला असता?"

"माहीत नाही, बाबा. कदाचित नसतं पडलं."

"मगे?"

आईने माझ्याकडे पाहिलं, पदराने कपाळ पुसलं आणि काकूंकडे निरोप द्यायला गेली. जाताना म्हणाली, "सुपरवायझराक आत्ताच सांगतंय. उद्याक नको."

गणपतीच्या दुसऱ्या दिवसापासून मी मुलुंडला पॅकिंगला बसले. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात, खोकी पेटीत. माझ्या बाजूला सातवी झालेली मुलगी होती. ती माझ्या दुप्पट भरायची. "शिकलेल्या लोकांचे हात मऊ असतात," ती म्हणाली. वाईट हेतूने नव्हे. मी बीएस्सी आहे हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही. आयुष्यात तेवढेच दिवस.

वर्ग सोडला मात्र नाही. सुट्टी गुरुवारी असायची, गुरुवारी वाकोल्याला जायचे. वाकोला आता संस्थेत पगारावर होता, मला बघून म्हणायचा, "काय गं पॅकिंग, आज किती गोळ्या खाल्ल्यास?" मग हळूच आपला हवामानाचा कागद माझ्याकडे सरकवायचा, "हे जरा तपास ना. मला धड जमत नाही." ते त्याला चांगलं जमायचं. मी तपासायचे.

पण मला तीन उड्डाणं हवी होती. आणि मदतीचं विमान कुठेतरी संकट आल्याशिवाय उडत नाही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी स्वतःला घाबरले. पाऊस संपला, हिवाळा आला, कुठेच काही नव्हतं. देशात सगळीकडे माणसं आपापल्या घरात सुखरूप होती आणि मी रोज सकाळी शेजाऱ्यांचं वर्तमानपत्र मागून घेऊन त्यात पूर शोधत होते. वादळ शोधत होते. एकदा एका छोट्या बातमीत, कुठल्याशा खाडीत पाणी चढतंय असं वाचलं आणि माझं काळीज आनंदाने उडालं. मग मी ते वर्तमानपत्र तसंच घडी घालून शेजाऱ्यांना परत देऊन आले.

मी सरांना सांगितलं, मला हे काम नको. मी असं मागते आहे.

सर म्हणाले, "सगळेच मागतात. तू मागून पूर येत नाही, एवढी मोठी नाहीस तू." आणि लगेच, "तो कागद आण इकडे. वाऱ्याचा कोन चुकलाय तुझा." खरंच चुकला होता. मी बसून दुरुस्त केला.

पहिलं उड्डाण उन्हाळ्यात मिळालं, दुष्काळी भागात औषधांच्या पेट्या. दुसरं पावसाळ्यात. दोन्ही वेळा मी रजा टाकली आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली. दोन्ही वेळा मी दहातलं एक नाही, प्रत्येक नग काट्यावर घातला. मुकादम वैतागून म्हणाला, "ताई, आता मला पण चढवा काट्यावर." मी म्हटलं, चढा.

तिसऱ्या वेळी विमानाला माझ्या गणितानेच 'नाही' म्हणावं लागलं. वारा आडवा होता, विमानाच्या मर्यादेपेक्षा जास्त. पलीकडून खरा फोन आला, खरा डॉक्टर होता, आणि त्याच्याकडे सलाईन संपलं होतं. त्याने मला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा शिवी दिली. मी विमान सोडलं नाही. ते पाच तासांनी, वारा पडल्यावर गेलं. त्या पाच तासांत तिकडे काय झालं ते मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत अजून झालेली नाही.

त्या संध्याकाळी सरांनी पत्रावर सही केली. पेनाने. शाबासकी दिली नाही. म्हणाले, "आता सरकारी परीक्षा. हवामानाच्या पेपरात तुझी वाट लागणार आहे, तयारी कर."

लागलीच. पहिल्या खेपेला हवामानात नापास झाले. दुसऱ्या खेपेला पास.

संस्थेत तोवर जागा रिकामी नव्हती. पुढच्या वर्षी मला सरकारी मंजुरी मिळाली, संस्थेने कामावर घेतलं आणि मी मुलुंडचं पॅकिंग सोडलं. डिस्पॅचरच्या पहिल्या पगारापासून आईची खाणावळ बंद झाली. सरांचा दमा वाढल्यावर बेकरीच्या माडीवरचा वर्ग माझ्याकडे आला. पुढच्या दहा वर्षांत मी तिथे नऊ डिस्पॅचर तयार केले. त्यांतल्या सात जणांच्या घरात कॉलेजात गेलेलं ते पहिलंच माणूस होतं.